कंपनीचे आयकर विवरणपत्र आणि प्रमुख भागधारकांची नोंद

खासगी मर्यादित कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने एक स्वतंत्र व्यक्ती असते. तिचे नाव, तिचा पॅन, तिचे बँक खाते, तिचे कर्ज आणि तिचा करही स्वतंत्र. मात्र या कायदेशीर व्यक्तीच्या मागे हाडामांसाची माणसे उभी असतात. भांडवल ती पुरवितात, मतदान करून संचालक ती नेमतात आणि नफ्याचे अंतिम धनीही तीच असतात. म्हणूनच आयकर विभाग कंपनीला ‘उत्पन्न किती?’ एवढेच विचारून थांबत नाही, ‘कंपनी कोणाची?’ हा प्रश्नही तो विवरणपत्रातून दरवर्षी विचारतो.

अनेक छोट्या व मध्यम कंपन्यांमध्ये, विशेषतः एकाच कुटुंबाच्या कंपन्यांमध्ये, या प्रश्नाचे उत्तर गतवर्षीच्या विवरणपत्रावरून जसेच्या तसे उतरवून काढण्याची प्रथा पडलेली दिसते. ताळेबंद, घसारा आणि वजावटी यांची तपासणी काटेकोरपणे होते. भागधारकांचा तक्ता मात्र ‘नेहमीचाच’ समजून दुर्लक्षिला जातो. या तक्त्यातील एका चुकीच्या टक्केवारीमुळे कंपनीचा जुना तोटा वाया जाऊ शकतो, एखाद्या भागधारकावर अनपेक्षित कर बसू शकतो आणि बँकेतील कर्जप्रस्तावही अडून राहू शकतो. त्यामुळे हा विषय कंपनी चालविणाऱ्या ग्राहकांनी आणि त्यांचे प्रस्ताव हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांनी समजून घेणे आवश्यक आहे.

विवरणपत्र कोणते?

धर्मादाय स्वरूपाच्या उत्पन्नासाठी कलम ११ ची सूट मागणाऱ्या कंपन्या वगळता अन्य सर्व कंपन्या आयटीआर-६ हे विवरणपत्र भरतात. ते इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आणि डिजिटल स्वाक्षरीसह सादर करावे लागते. नफा झालेला नसला, किंबहुना वर्षभरात व्यवहारच झालेला नसला, तरी कंपनीस विवरणपत्र भरण्यातून सुटका नाही. शासनाने मुदत वाढविली नसल्यास सर्वसाधारणपणे ३१ ऑक्टोबर ही अंतिम तारीख असते. संबंधित परदेशी कंपन्यांशी व्यवहार असल्याने ज्यांना वेगळा अहवाल द्यावा लागतो, त्यांच्यासाठी ती ३० नोव्हेंबर असते.

या लेखात दिलेले कलमांचे क्रमांक आयकर अधिनियम, १९६१ मधील आहेत. आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नास हाच अधिनियम लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासून सुरू होणाऱ्या कर वर्षासाठी आयकर अधिनियम, २०२५ लागू असून त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत.

एक विवरणपत्र, तीन प्रश्न

आयटीआर-६ मध्ये भागधारकांविषयीची माहिती तीन ठिकाणी विचारली जाते. हे तीन प्रश्न वरवर सारखे भासले तरी त्यांचा रोख भिन्न आहे.

पहिला प्रश्न सर्वसाधारण माहितीच्या भागात येतो. वर्षभरात केव्हाही ज्यांच्याकडे किमान १० टक्के मताधिकार असलेले भाग लाभार्थी मालक म्हणून होते, अशा सर्वांचे नाव, पत्ता, भागांची टक्केवारी आणि पॅन येथे द्यावयाचा असतो. येथे व्यक्तीबरोबरच एखादी कंपनीही येऊ शकते.

दुसरा प्रश्न केवळ शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या कंपन्यांसाठी आहे. प्रत्यक्षपणे अथवा अप्रत्यक्षपणे किमान १० टक्के मताधिकाराची अंतिम लाभार्थी मालक असलेली नैसर्गिक व्यक्ती कोण, हे येथे सांगावे लागते. येथे कंपनीचे नाव चालत नाही. साखळीच्या शेवटी उभा असलेला माणूसच दाखवावा लागतो.

तिसरी माहिती ‘एसएच-१’ या परिशिष्टात द्यावयाची असते. कर आकारणी वर्ष २०१९-२० पासून समाविष्ट झालेले हे परिशिष्टही बाजारात नोंदणी नसलेल्या कंपन्यांसाठीच आहे. मान्यताप्राप्त स्टार्टअप कंपन्यांसाठी ‘एसएच-२’ हे निराळे परिशिष्ट आहे. यात १० टक्क्यांची मर्यादा नाही. वर्षअखेरच्या प्रत्येक भागधारकाचा निवासी दर्जा, भागांचा प्रकार, वाटपाची तारीख, भागांची संख्या, दर्शनी किंमत, प्रत्यक्ष वितरण किंमत आणि मिळालेली रक्कम येथे नोंदवावी लागते. वाटप न झालेली भाग-अर्जाची रक्कम, तसेच वर्षभरात भागधारक असलेल्या पण वर्षअखेरीस नसलेल्या व्यक्तींची माहितीही येथेच येते. भाग हस्तांतरित झाले असल्यास नव्या भागधारकाचा पॅनही द्यावा लागतो.

दहा टक्के मोजावे कसे?

मोजणीचा आधार मताधिकार हा आहे, केवळ गुंतवलेली रक्कम नव्हे. सर्वसाधारणपणे प्रत्येक समभागास एक मत असते. प्रेफरन्स भागांना त्यांच्या हक्कांवर परिणाम करणाऱ्या ठरावांपुरताच मताधिकार असतो. तथापि, कंपनी कायद्याच्या कलम ४७ नुसार त्यांचा लाभांश दोन वर्षे किंवा अधिक काळ थकल्यास, सामान्यतः सर्व ठरावांवर मत देण्याचा हक्क त्यांना प्राप्त होतो. अशा कंपनीत टक्केवारीचे संपूर्ण गणितच बदलू शकते.

दुसरा महत्त्वाचा शब्दप्रयोग म्हणजे ‘वर्षभरात केव्हाही’. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एका कंपनीचे १,००,००० समभाग आहेत. वर्षारंभी वडिलांकडे ४५,०००, आईकडे २५,०००, मुलाकडे २१,००० आणि कुटुंबाच्या एका स्नेह्याकडे ९,००० भाग होते. जूनमध्ये स्नेह्याने मुलाकडून ३,००० भाग विकत घेतले आणि डिसेंबरमध्ये ५,००० भाग आईला विकले. ३१ मार्च रोजी त्याच्याकडे ७,००० भाग, म्हणजे ७ टक्के मताधिकार उरला. वर्षाच्या सुरुवातीस ९ टक्के आणि अखेरीस ७ टक्के, असे पाहून त्याचे नाव वगळले जाण्याची दाट शक्यता असते. परंतु जून ते डिसेंबर या काळात त्याच्याकडे १२ टक्के मताधिकार होता. म्हणून पहिल्या दोन्ही तक्त्यांत त्याचे नाव यावयास हवे. एसएच-१ मध्ये मात्र वर्षअखेरचे ७,००० भागच दाखविले जातील. केवळ ताळेबंदाच्या तारखेची यादी पुढे ठेवून हा तक्ता भरता येत नाही. त्यासाठी भागधारकांची नोंदवही आणि हस्तांतरणाच्या नोंदी पाहाव्या लागतात.

नावाचा मालक आणि खरा मालक

‘लाभार्थी मालक’ हा या विषयाचा गाभा आहे. नोंदवहीत ज्याचे नाव आहे तो नोंदणीकृत मालक. भागांपासून मिळणारा लाभ आणि त्यांवरील निर्णयाचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो लाभार्थी मालक. बहुतेक वेळा या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीच्या असतात. मात्र त्या भिन्न असल्यास कंपनी कायद्याच्या कलम ८९ नुसार दोघांनीही तशी घोषणा कंपनीस देणे बंधनकारक आहे.

मध्ये दुसरी कंपनी असल्यास आणखी एक पायरी वाढते. समजा, एका गुंतवणूक कंपनीकडे उत्पादन कंपनीचे ३० टक्के भाग आहेत आणि त्या गुंतवणूक कंपनीचे ६० टक्के भाग एका व्यक्तीकडे आहेत. नोंदवहीत त्या व्यक्तीचे नाव कोठेही नाही. परंतु ३० टक्क्यांचे ६० टक्के म्हणजे १८ टक्के हिस्सा अप्रत्यक्षपणे तिच्याकडे जातो. पहिल्या तक्त्यात गुंतवणूक कंपनी दिसेल. दुसऱ्या तक्त्यात मात्र ती व्यक्तीच दिसली पाहिजे.

येथे एक धोक्याची सूचना आवश्यक वाटते. भागधारकांची किमान संख्या भरून काढण्यासाठी किंवा अन्य कारणाने एखाद्या कर्मचाऱ्याच्या, चालकाच्या अथवा दूरच्या नातेवाईकाच्या नावे भाग घेतले जातात. पैसा मात्र दुसऱ्याचा असतो. नाव देणाऱ्यास हा निव्वळ सहीचा प्रश्न वाटतो. वस्तुतः त्याचा पॅन विवरणपत्रात जातो आणि भांडवलाच्या स्रोताविषयी विचारणाही त्याच्याकडेच होऊ शकते. कलम ६८ नुसार, मर्यादित व्यक्तींच्या हाती असलेल्या कंपनीत जमा झालेल्या भागभांडवलाचा स्रोत समाधानकारकपणे सांगण्याची जबाबदारी ज्या निवासी व्यक्तीच्या नावे ती रक्कम जमा आहे तिच्यावरही येते. तिला ते सांगता आले नाही, तर ती रक्कम कंपनीचेच उत्पन्न धरली जाऊ शकते. शिवाय बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायद्याखाली असे भाग जप्त होण्याचा आणि संबंधितांवर खटला चालण्याचा धोका असतो तो वेगळाच. विश्वासाने सही करणाऱ्या माणसाची अशा व्यवहारात सर्वाधिक हानी होते.

विभाग ही माहिती का मागतो?

या तक्त्यांमागे केवळ माहिती गोळा करण्याचा हेतू नाही. कराची अनेक कलमे भागधारणेच्या टक्केवारीवर उभी आहेत. त्यांपैकी तीन कलमे कौटुंबिक कंपन्यांच्या नित्याच्या व्यवहाराशी निगडित आहेत.

मानीव लाभांश : मर्यादित व्यक्तींच्या हाती असलेल्या कंपनीने किमान १० टक्के मताधिकार असलेल्या लाभार्थी भागधारकास कर्ज अथवा आगाऊ रक्कम दिल्यास, कलम २(२२)(ई) नुसार ती रक्कम कंपनीच्या संचित नफ्याच्या मर्यादेपर्यंत लाभांश मानली जाते. वरील उदाहरणातील मुलाने घर घेण्यासाठी कंपनीकडून १२ लाख रुपये उसने घेतले आणि कंपनीचा संचित नफा ३० लाख रुपये असेल, तर संपूर्ण १२ लाख रुपये त्याचे करपात्र उत्पन्न ठरतील. संचित नफा ८ लाखच असेल, तर ८ लाख ठरतील. रक्कम वर्ष संपण्यापूर्वी परत केली तरी हा कर टळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच दिलेला आहे. १ एप्रिल २०२० पासून हा कर भागधारकाच्या हाती आकारला जातो आणि निवासी भागधारकास रक्कम देताना कंपनीने त्यावर कलम १९४ खाली करकपात करणे अपेक्षित असते. ज्या कंपनीच्या व्यवसायाचा मोठा भाग पतपुरवठा हाच आहे, तिने नेहमीच्या व्यवहारात दिलेल्या कर्जास यातून सूट आहे. ‘कंपनी आपलीच, पैसा आपलाच’ ही समजूत येथे महागात पडते.

जुना तोटा : कलम ७९ नुसार अशा कंपनीचा मागील वर्षांतील तोटा पुढे ओढून नफ्यातून वजा करावयाचा असेल, तर ज्या वर्षी तोटा झाला त्या वर्षाच्या अखेरीस किमान ५१ टक्के मताधिकार लाभार्थी म्हणून ज्यांच्याकडे होता, त्यांच्याकडेच वजावटीच्या वर्षाच्या अखेरीसही किमान ५१ टक्के मताधिकार असावा लागतो. समजा, कंपनीस २०२१-२२ मध्ये ६० लाख रुपयांचा तोटा झाला. २०२४-२५ मध्ये ८० लाखांचा नफा झाला. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत जुन्या भागधारकांनी ५५ टक्के भाग नव्या गुंतवणूकदारास विकले. ३१ मार्च २०२५ रोजी जुन्या मंडळींकडे ४५ टक्केच उरले. परिणामी ६० लाखांची वजावट गेली. कलम ११५बीएए खालील २५.१६८ टक्के या प्रभावी दराने विचार केल्यास, सुमारे १५ लाख १० हजार रुपयांचा जादा कर भरावा लागेल. भागविक्रीची किंमत ठरविताना हा आकडा कोणाच्याही ध्यानी नसेल, तर पुढे तो वादाचे कारण ठरतो.

या नियमास अपवाद आहेत. भागधारकाच्या मृत्यूमुळे भाग वारसाकडे गेल्यास अथवा नातेवाईकास बक्षीस दिल्यास, त्या कारणाने झालेला बदल तोट्याच्या आड येत नाही. पात्र स्टार्टअप आणि दिवाळखोरी संहितेखालील मंजूर योजनांसाठीही वेगळ्या तरतुदी आहेत. न वापरलेला घसाराही या बंधनात येत नाही. मात्र अपवादाचा लाभ घेण्यासाठी कागदपत्रे तयार हवीत. वडिलांच्या निधनानंतर त्यांचे भाग वर्षानुवर्षे त्यांच्याच नावे राहिले, वारसांची नोंदच झाली नाही आणि मग बाहेरचा गुंतवणूकदार आला, तर कोणता बदल कोणत्या कारणाने झाला हे सिद्ध करणे कठीण होते.

नातेसंबंधातील खर्च : २० टक्के किंवा अधिक मताधिकाराचा लाभार्थी मालक कंपनीत ‘भरीव हितसंबंध’ असलेला समजला जातो. अशी व्यक्ती, संचालक अथवा त्यांचे नातेवाईक यांना दिलेला खर्च बाजारभावाच्या मानाने अवाजवी असल्यास, कलम ४०ए(२) नुसार जादा रक्कम वजावटीस अमान्य होते. आईच्या मालकीच्या गोदामाचे भाडे बाजारात दरमहा ४०,००० रुपये असता कंपनी ६०,००० देत असेल, तर वर्षाला २,४०,००० रुपयांचा खर्च नाकारला जाऊ शकतो.

भाग वाजवी किमतीपेक्षा अधिक दराने दिल्यास जादा रक्कम कंपनीचे उत्पन्न मानणारी कलम ५६(२)(viib) ची तरतूद कर आकारणी वर्ष २०२५-२६ पासून लागू राहिलेली नाही. वितरण किमतीचे रकाने मात्र त्यामुळे निरर्थक होत नाहीत. भांडवलाच्या स्रोताचा प्रश्न कायम आहे.

एकच माहिती, तीन दप्तरे

भागधारकांची माहिती आयकर विभागाखेरीज कंपनी निबंधकाकडे आणि बँकेकडेही जाते. तिन्ही ठिकाणच्या व्याख्या एकमेकींच्या जवळच्या असल्या तरी तंतोतंत सारख्या नाहीत.

कंपनी कायद्याच्या कलम ९० खाली ‘महत्त्वाचा लाभार्थी मालक’ ठरण्यासाठी किमान १० टक्के हिस्सा आणि त्यात काहीतरी अप्रत्यक्ष धारणा असावी लागते. ज्याचे सर्व भाग थेट स्वतःच्या नावे आहेत त्यास ही घोषणा द्यावी लागत नाही. मध्ये दुसरी कंपनी असल्यास तिच्यात त्या व्यक्तीचे बहुमत असावे लागते आणि भाग हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावे असल्यास कर्ता पाहिला जातो. संबंधित व्यक्ती बेन-१ नमुन्यात कंपनीस कळविते आणि कंपनी बेन-२ नमुन्यात निबंधकास. घोषणा न करणाऱ्या व्यक्तीस ५०,००० रुपये आणि पुढील प्रत्येक दिवसास १,००० रुपये, कमाल २ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

बँकेचा निकष मनी लाँडरिंग प्रतिबंधक नियमांतून येतो. कंपनीच्या बाबतीत ही मर्यादा पूर्वी २५ टक्के होती. मार्च २०२३ मध्ये ती १० टक्क्यांवर आणण्यात आली. त्यामुळे खाते उघडताना पूर्वी ज्यांची ओळख विचारली गेली नव्हती अशा भागधारकांची कागदपत्रे आता मागितली जातात. येथे शब्द ‘१० टक्क्यांहून अधिक’ असे आहेत, तर आयकर विवरणपत्रात ‘किमान १० टक्के’ असे आहेत. म्हणजे नेमके १० टक्के भाग असलेली व्यक्ती विवरणपत्रात येईल. बँकेच्या यादीत केवळ त्या कारणाने येणार नाही. अशी तफावत सयुक्तिक आहे आणि ती एका वाक्यात समजावून देता येते.

याउलट, विवरणपत्रात एखाद्या व्यक्तीचे ३५ टक्के, निबंधकाकडील वार्षिक पत्रकात २० टक्के आणि कर्जाच्या अर्जात ‘भागधारक नाही’ अशा नोंदी आढळल्या, तर कोणताही मंजुरी अधिकारी प्रस्ताव पुढे नेऊ शकत नाही. भागरचनेत बदल झाल्यास अद्ययावत कागदपत्रे ३० दिवसांत बँकेस देणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे. कर्मचाऱ्यांनीही केवायसीच्या नियतकालिक अद्ययावतीकरणाच्या वेळी, जोखमीच्या श्रेणीनुसार ते २, ८ किंवा १० वर्षांनी असले तरी, जुनी यादी पुन्हा सहीसाठी पुढे न करता नवी यादी मागावी.

परदेशस्थ भागधारक

मुलगा वा मुलगी परदेशी असून कंपनीत भागधारक असल्याची उदाहरणे आता विरळ राहिलेली नाहीत. एसएच-१ मध्ये निवासी दर्जाचा रकाना असल्याने तो दरवर्षी नव्याने तपासावा लागतो. अमेरिकेत कर-निवासी असलेल्या व्यक्तीकडे भारतीय कंपनीचे १० टक्के किंवा अधिक भाग असल्यास, काही परिस्थितींत तेथील विवरणपत्रासोबत ‘फॉर्म ५४७१’ जोडावा लागतो. तो न दिल्यास १०,००० डॉलर दंडाची तरतूद आहे. अमेरिकेतील कंपन्यांनाही आपल्या विवरणपत्रात मोठे भागधारक दाखवावे लागतात; तेथे थेट २० टक्के अथवा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून ५० टक्के मताधिकार ही मर्यादा आहे.

विवरणपत्र भरण्यापूर्वी

हे काम ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यासाठी ठेवू नये. एप्रिल महिन्यातच भागधारकांची नोंदवही अद्ययावत करून वर्षभरातील प्रत्येक वाटप, हस्तांतरण आणि वारसाहक्काने झालेल्या बदलाची तारीखवार नोंद तयार करावी. प्रत्येक बदलानंतरची टक्केवारी शेजारी लिहावी, म्हणजे १० टक्क्यांची रेषा कोणी केव्हा ओलांडली हे एका दृष्टिक्षेपात कळेल. प्रत्येकाचा पॅन व नावाचे अचूक लेखन पडताळावे. भागधारकांना दिलेली कर्जे व आगाऊ रकमा यांची यादी त्याच कागदावर असावी. पुढे ओढलेला तोटा असल्यास भागविक्रीचा करार करण्यापूर्वीच सनदी लेखापालांचा सल्ला घ्यावा. करार झाल्यानंतर घेतलेला सल्ला फारसा उपयोगी पडत नाही.

हा एकच तक्ता विवरणपत्रास, निबंधकाकडील पत्रकास आणि बँकेच्या केवायसीस पुरतो. तो तयार करण्यास छोट्या कंपनीत अर्धा दिवसही लागत नाही. विवरणपत्रावर डिजिटल स्वाक्षरी करणारा संचालक त्यातील मजकूर सत्य असल्याचे सत्यापन करीत असतो आणि जाणूनबुजून केलेल्या खोट्या सत्यापनासाठी कलम २७७ खाली खटल्याची तरतूद आहे. म्हणून स्वाक्षरीपूर्वी भागधारकांचे पान त्याने स्वतः वाचावे. कंपनी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर तिच्या संचालकाइतके अचूक अन्य कोणी देऊ शकत नाही.